तासभर राखण

बिरप्पा फिटरनं घरामागच्या खोलीत पुन्हा भट्टी पेटवायची गोष्ट काढली तेव्हा राजाबाई भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच थांबला.

“घर जळंल?” तिनं विचारलं.

“न्हाय जळायचं.”

“तुमी म्हनताय म्हून न्हाय, का खरंच न्हाय?”

आता याला काय उत्तर देणार? बिरप्पानं बत्तीस वर्षं गिरणीत काढलेली. इंजिनाला कान लावून कुठं दुखतंय ते सांगणारा माणूस. साहेबालासुद्धा तो तोंडावर ‘हे असं करून चालायचं न्हाय’ म्हणत असे. बायकोला मात्र तो म्हणाला, “तू म्हनशील तसं करतो.”

“मंग ऐका. त्या खोलीत जाळ पडला तरी पेट घ्यायला काय बी नसावं. मी सोता बगनार. माजं समाधान झालं तर पेटवा. न्हाय झालं तर मी मंद्रूपला भावाकडं चालले. परत यायची न्हाय.”

एवढं बोलून तिनं भाकरी तव्यावर टाकली. गेल्या दोन वर्षांत ती एका दमात एवढं कधी बोलली नव्हती. त्यामुळं अट ऐकून धास्तावण्याऐवजी बिरप्पाला उलट बरंच वाटलं.

गिरणीच्या माणसाला आठवड्याची सुट्टी मिळते ती त्यानं पत्ते कुटण्यात घालवावी, भजनात घालवावी, नाहीतर ताडीच्या दुकानात. लोकांना त्याचं काही वाटत नाही. बिरप्पाचं मात्र जगावेगळं. सहा दिवस हत्यारं घासून पोट भरत नव्हतं म्हणून की काय, सातव्या दिवशीही तो हत्यारंच हातात घ्यायचा. गावाकडच्या भाऊबंदांच्या मेंढरांना पितळेच्या घंटा कर, शेजारणीच्या मागाचा तुटलेला खिळा जोडून दे, असं काहीबाही. मग त्याचा तरणा मुलगा मायाप्पा त्याच गिरणीत साचा खात्यात, म्हणजे मागांवर, कामाला लागला आणि त्यानं बापाला मोठ्या नादाला लावलं. वाफेवर चालणारं खरंखुरं इंजिन करायचं, पण एवढंसं की परातीत मावावं. चाक झालं. दट्ट्या झाला. पाणी तापवायचा तांब्याचा चिमुकला बंबही वळून झाला. त्याच्या सांध्याला पितळेचा डाख देऊन तो पक्का जोडायचा तेवढा राहिला, आणि मायाप्पा गिरणीच्या आगीत गेला.

त्याला दोन वर्षं झाली होती. बिरप्पानं गिरणी सोडली. इंजिन फळीवर फडक्याखाली पडून होतं. म्हाताऱ्याला आता या जगाकडून दुसरं काही नको होतं. त्या बंबात एकदा वाफ धरावी, पोराचं चाक एकदा फिरावं, बस.

ती आग पिंजण खात्यात लागली होती, जिथं कापूस पिंजून मोकळा करतात तिथं. तिथली माणसं जीव घेऊन बाहेर पळाली. मायाप्पाचा पिंजणाशी काडीचा संबंध नव्हता, तरी तो मधलं पटांगण ओलांडून आत पळाला. लोकांनी हाका मारल्या, एकानं तर सदरा धरला, तो फाडून गेला. का गेला, हे कुणालाच कळलं नाही. चौकशीत लिहिलं गेलं की कापसातून खडा आला, यंत्राच्या पात्यावर आपटला, ठिणगी पडली.

राजाबाईकडं त्या ‘का’चं उत्तर होतं. मायाप्पा बिरोबाच्या नवसाचा. दरसाल देवाला नवं काळं घोंगडं घालायचं असं ती बोलली होती आणि वीस वर्षं तिनं ते चुकवलं नव्हतं. त्या साली मायाप्पा हिवतापानं फणफणला. घरात होती नव्हती ती सगळी पांघरुणं घातली तरी त्याची थंडी जाईना, म्हणून तिनं देवासाठी ठेवलेलं घोंगडं त्याच्या अंगावर टाकलं. वापरलेलं देवाला कसं द्यायचं? आणि नवं विणून होईतो जत्रा होऊन गेली. “देवानं आपलं मानूस हात धरून आत नेलं,” असं ती म्हणायची. त्या दिवसापासून तिनं पायात वहाण घातली नाही. सोलापूरचं ऊन ज्यांनी खाल्लंय त्यांना त्याचा अर्थ सांगायला नको. चैत्र-वैशाखात इथं दगडावर पापड भाजावा. त्या दगडांवरून ही बाई घागर घेऊन जायची, आणि पाय पोळले की देवाला म्हणायची, अजून भाज.

आणि आग खरी कशानं लागली, ते बिरप्पाला ठाऊक होतं.

त्या सकाळी तो न्याहारीला बसला असताना गिरणीतून बोलावणं आलं होतं. पिंजण खात्यातली हवेची नळी तुटली होती. सगळं खातं बंद पडलं होतं, साहेब नाचत होता. बिरप्पानं ब्लो-लॅम्प नेला, म्हणजे रॉकेलवर भरारा जळणारा हातदिवा, आणि जागच्या जागी डाख देऊन नळी जोडली. बादलीभर पाणी मारलं. त्यानंतर त्यानं तासभर तिथंच बसायला हवं होतं. हे त्याला उमेदवारीतच त्याच्या उस्तादानं, एका म्हाताऱ्या मुसलमान मिस्त्रीनं, कानाला धरून शिकवलं होतं: “आग बुजी नइं, सोई है. घंटाभर बैठ उसके पास.” कापसाच्या पोटात ठिणगी शिरली की दिसत नाही, धूर नाही, वास नाही, अर्ध्यापाऊण तासानं ती उठते. म्हणून मेंढरांची करतात तशी तिची राखण करायची. तीस वर्षांत बिरप्पानं ती राखण कधी चुकवली नव्हती. त्या दिवशी तो दहा मिनिटं बसला आणि त्याला विडीची तलफ आली. पिंजण खात्यात विडी ओढायला सक्त मनाई. बिरप्पा नियमाचा पक्का, म्हणून तो ओढायला फाटकाबाहेर गेला! तिथं मंद्रूपकडचा एक ओळखीचा भेटला. एका विडीच्या दोन झाल्या. तिसरी काढायच्या आत भोंगा वाजायला लागला.

चौकशीत त्याला कुणी काही विचारलं नाही. घरात बायको देवाचं नाव घेऊन ऊर बडवायला लागली तेव्हा त्यानं सांगायला हवं होतं. पहिल्या दिवशी सांगवलं नाही, दुसऱ्या दिवशी धीर झाला नाही, आणि मग ती रोज अनवाणी पाण्याला जाताना हा दारात बसून बघत राहिला. तिच्या टाचांना भेगा पडल्या त्या त्याच्या डोळ्यांदेखत पडल्या. एक वाक्य बोलला असता तर त्या बाईनं वहाणा घातल्या असत्या. नाही बोलला. अशा माणसाला आपल्याकडं नामर्द म्हणतात, आणि मीही दुसरा शब्द शोधत बसणार नाही.

तर अट पडली आणि काम सुरू झालं. बैल गेला आणि झोपा केला, हे खरंच. पण झोपा करताना दोघंही झटून लागली.

राजाबाई पदर खोचून खोलीत शिरली आणि पहिल्याच दिवशी बिरप्पा थक्क झाला. दोन वर्षं तिच्या मनात आगीशिवाय दुसरं काही नव्हतं. कुठं काय पेटेल हे तिला पोथीसारखं पाठ झालेलं. कोपऱ्यातल्या चिंध्यांचा बोळा तिनं काठीनं पुढं ओढला.

“ह्ये काय?”

“हात पुसायच्या चिंध्या.”

“तेल प्याल्यात त्या. आसल्या चिंध्या दाबून ठिवल्या की आपसूक तापत्यात. काडी बी लावाय लागत न्हाय.”

“तुला कुणी सांगितलं?”

“मायाप्पा म्हनायचा,” ती म्हणाली, आणि बोळा घेऊन परसात पुरून आली.

रॉकेलचा डबा बाहेर गेला. लाकडी मेज गेलं, त्याच्या जागी दगडमातीचा ओटा आला. कोळशाची पाटी परसात, हातात मावतील तेवढेच कोळसे आत. बिरप्पाला वाटलं, झालं. राजाबाईनं नुसतं बोट वर केलं. घर माळवदाचं. तुळयांवर फळ्या, फळ्यांवर तुराट्यांचा थर आणि त्यावर माती. वरून बघणाऱ्याला मातीच दिसते, पण पोटात पन्नास वर्षांच्या वाळक्या तुराट्या. बिरप्पा या छताखाली इतकी वर्षं भाता मारत बसला होता आणि त्याच्या हे ध्यानात नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात; इथं तो दिव्याच्या वर होता. मग त्यानं भट्टी धूर जायच्या सवण्याखाली, त्या छतातल्या भोकाखाली, आणली आणि छतापासून वीतभर अंतर सोडून तारेनं पत्रे टांगले. दोघांनी मिळून सीना नदीची वाळू आणली, चाळली, चार घमेली भरून ठेवली.

पलीकडच्या घरात कमलम्मा राहायची, तेलंगी विणकराची विधवा. दोन माग, आणि घरभर रंगवलेलं सूत. ठोकाठोक ऐकून ती परसात आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, “बिरप्पा, तुमच्या घरात जाळ, आमच्या घरात सूत. मध्ये भिंत एक. ती पण भोक पडलेली!”

खरंच होती. वरच्या अंगाला वीतभर फट होती आणि तिच्यातून मागावरचं कापसाचं तूस येऊन बिरप्पाच्या भिंतीला लोकरीसारखं चिकटलं होतं. राजाबाईनं ते ओल्या फडक्यानं तीनदा पुसलं आणि बिरप्पानं फट विटा-मातीनं बुजवली. कमलम्मानं दोन्ही बाजूंनी हात लावून पाहिला. “आता बरं,” ती म्हणाली, “पण माझं सूत जळलं तर तुमचं दोघांचं धोतर-लुगडं उसवून विणीन.” तीही हसली आणि राजाबाईही हसली. राजाबाई हसली! बिरप्पाच्या हातातली थापी तशीच राहिली.

दारावर काय टांगायचं असा प्रश्न आला तेव्हा तो शिकवायच्या भरात म्हणाला, “घोंगडं भिजवून टांगू. लोकर सुतासारखी भडकत न्हाय, काय?”

“धनगराच्या लेकीला लोकर सांगताय व्हय?” ती म्हणाली आणि घरातलं जुनं घोंगडं घेऊन आली.

असे पंधरा-वीस दिवस गेले. तो सांगायचा, ती विचारायची. ती चुका काढायची, तो दुरुस्त करायचा. नवरा-बायको आता जेवताना एकमेकांच्या ताटाकडं बघू लागली होती. बिरप्पाला तिच्यापाशी बसून बोलावंसं वाटे आणि बोलताना भीतीही वाटे, कारण जेवढं शिकवावं तेवढी ती खऱ्याच्या जवळ येत होती. चोराच्या मनात चांदणं. तिनं एकेक नियम विचारून घेतला आणि यानं सगळे सांगितले, एक सोडून. काम झाल्यावर तासभर बसायचं, हे त्यानं गिळलं. ते सांगितलं की पुढचा प्रश्न कोणता येईल हे त्याला ठाऊक होतं.

“आनि काय ऱ्हायलं?” शेवटच्या दिवशी तिनं विचारलं.

“काय न्हाय. झालं सगळं.”

तिनं खोलीत चौफेर पाहिलं. छत, भिंत, ओटा, घमेली, पाण्याचा रांजण. “मंग उद्या पेटवा,” ती म्हणाली. “मी बसते हितं. भाता मी मारीन.”

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, भट्टी पेटली. जाळ उठला तेव्हा राजाबाईचा चेहरा पांढराफटक पडला. पण ती जागची हलली नाही, भाता मारत राहिली. बिरप्पानं पितळ धरावं म्हणून सांध्यावर टाकणखार लावला, पितळेचा कीस पसरला, बंब सांडशीत धरून निखाऱ्यात फिरवला. पितळ विरघळलं, चमकलं आणि सांध्यातून पाण्यासारखं धावत गेलं. एवढंसं काम. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यानं पुसलं नाही.

निखारे विझवले, बंब वाळूवर ठेवला. राजाबाईनं घाम पुसला.

“झालं न्हवं? उटा. भाकरी खाऊ.”

बिरप्पा बसून राहिला. उठावं, दार ओढून घ्यावं, की सगळं संपलं. ती कायमची त्याची राहील, हसेल, त्याच्यासमोर जेवेल. बसलं तर ती विचारणार. भिंतीपलीकडं कमलम्माचा माग ठकठक चालू होता. सगळं पुसलेलं, लिंपलेलं, टांगलेलं होतं. तरी बुजवलेल्या फटीत एखादा तुसाचा पुंजका राहिला नसेल, असं कोण सांगणार? भाता मारताना चार ठिणग्या त्या अंगाला उडालेल्या त्यानं स्वतः पाहिल्या होत्या. त्याला उठावंसं फार वाटत होतं. पण त्याचे पाय उठेनात.

“तू हो म्होरं. पाय अवघडल्यात माजे.”

“मंग दाबून देते,” ती म्हणाली आणि त्याच्या पायापाशी बसली.

थोड्या वेळानं तिचे हात थांबले. “मगापासनं भितीकडं बगताय, छताकडं बगताय. इजली की.”

“इजल्यावानी दिसती,” तो म्हणाला. खोटं सुचलंच नाही त्याला. “झोपल्याली आसती. तासभर राखन करावी लागती.”

“आसं व्हय! मंग आदी न्हाय सांगायचं?” तिला राग आला नाही, उलट आनंदच झाला. “तरीच!”

“तरीच काय?”

“तुमी आन मायाप्पा. काम सपलं तरी हितंच बसायचा. मी हाका मारून दमायची, भाकरी निवून जायच्या. मला वाटायचं, बाप-लेकाला गप्पा मारायला हीच जागा घावती. तवा राखन करत हुता व्हय तुमी.”

“व्हय.”

“एकदा बी आदी उटला न्हाईत. लई चिडायची मी.”

ती हे बोलताना हसत होती. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे मात्र दुसरीकडंच गेले. बिरप्पानं मान खाली घातली.

“गिरनीत बी बसाय लागतं?” तिनं विचारलं.

“लागतं.”

“त्या दिशी तुमी न्ह्यारी टाकून गेला हुता. पिंजनात नळी तुटली म्हून.”

त्यानं ओट्यावरची सांडशी उगाच सरळ केली.

“डाख दिल्ता?”

“दिल्ता.”

“किती बसला?”

पलीकडचा माग थांबला आणि पुन्हा सुरू झाला. “धा मिन्टं,” बिरप्पा म्हणाला. “मंग विडी वडाया भाईर गेलो.”

आता ती ओरडेल, छाती पिटेल, वाळूचं घमेलं डोक्यात घालेल, असं त्याला वाटलं. तिनं घालावं असंच त्याला वाटत होतं. दोन वर्षं तो त्याचीच वाट बघत होता. पण ती मनाशी काहीतरी जुळवत होती, सुताचा तुटलेला धागा शोधावा तशी.

“तुमी पिंजनात हाय, हे मायाप्पाला ठावं हुतं?”

“व्हय. जाताना त्याच्या मागापाशी सांगून गेल्तो.”

“आन डाख दिल्यावर बाप तासभर हलत न्हाय, हे बी ठावं हुतं.”

ती पुढचं बोलायच्या आत बिरप्पाला कळलं, आणि त्यानं हात वर केला, मारायला आलेल्याला थोपवावं तसा. उपयोग झाला नाही.

“म्हून तो आत पळाला,” राजाबाई म्हणाली. “देवानं न्हाय नेलं त्याला. तुमाला आनाया गेल्ता त्यो.”

बिरप्पानं आपला गुन्हा दोन वर्षं उलटून पालटून पाहिला होता. त्याचं सगळं अंग आपल्याला माहीत आहे असं त्याला वाटे. हे अंग त्यानं कधी पाहिलं नव्हतं. पोरगं धुरात शिरलं ते बापाला शोधत. हाका मारल्या असतील. कोपऱ्यात बघितलं असेल, जिथं माणूस राखणीला बसतो तिथं. आणि बाप फाटकाबाहेर दुसरी विडी ओढत होता. बिरप्पाच्या तोंडून आवाज निघाला तो रडण्याचाही नव्हता.

राजाबाई उठली. तिनं पदर सारखा केला. तोही धडपडत उठायला लागला, तिचे पाय धरायला, काहीतरी बोलायला.

“बसा,” ती म्हणाली. “तास झाला न्हाय आजून. भितीपल्याड बाईचं घर हाय. आता तरी बसा.”

घोंगडं बाजूला सारून ती गेली.

तो बसला. घरात पेटी ओढल्याचा आवाज आला, कपडे बांधल्याचा आला नाही पण तो त्याला ऐकू आल्यासारखा वाटला. मग पुढच्या दाराची कडी वाजली. त्यानं दोनदा उठायला गुडघा टेकला आणि दोन्ही वेळा भिंतीकडं बघून पुन्हा खाली बसला. धावला असता तर गल्लीच्या तोंडाशी तरी गाठली असती. सवण्यातून जमिनीवर पडलेलं ऊन ओट्यापासून सरकत घमेल्यापर्यंत आलं, तेव्हा तास झाला. त्यानं भिंतीला हात लावला, पत्र्यांना लावला, निखाऱ्यांत बोटं घातली. सगळं गार होतं. बाहेर येऊन तो रस्त्यात उभा राहिला. मंद्रूपच्या बाजूला ऊन भाजत होतं आणि हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरात ती आता कुठंही नव्हती.